पुण्याचं रेसकार्ड वाचताना: हँडिकॅपर आज कुठे चुकलाय?

प्रश्न असा आहे: “यंदाच्या पावसाळी सीझनपासून पुण्याच्या रेसकोर्सवर जायला लागलो. पेपरात प्रत्येक रेसचे पहिले तीन घोडे छापून येतात. ही निवड करणारे नेमकं काय बघतात? नवख्याने आदल्या रात्री कार्ड घेऊन कसं बसावं?”

पेपरासाठी सिलेक्शन देण्याचं काम मी बराच काळ केलंय, म्हणून आधी त्या यादीबद्दलच सांगतो. कार्डावर (म्हणजे दिवसभराच्या रेस आणि घोड्यांच्या छापील यादीत) आठ रेस असतील तर आठही रेसचे तीन-तीन घोडे द्यावेच लागतात. जागा मोकळी सोडायची सोय नसते. खरं ठाम मत असतं ते दोन, फार तर तीन रेसबद्दल. बाकी ठिकाणी बरा ट्रेनर, वरचा जॉकी, मागच्या वेळचा दुसरा नंबर असं जमवून यादी पुरी केलेली असते. तुमच्यावर तशी सक्ती नाही. त्यामुळे कार्ड उघडल्यावर पहिलं काम घोडा शोधायचं नाही. कुठल्या रेसवर आपल्याला मत बनवता येईल, ते ठरवायचं.

हे ठरवायला हँडिकॅप म्हणजे काय ते नीट डोक्यात बसायला हवं, कारण पुण्यात रोजच्या कार्डावरच्या बहुतेक रेस हँडिकॅपच असतात. प्रत्येक घोड्याला क्लबचा हँडिकॅपर रेटिंग देतो. क्लास फाइव्ह म्हणजे 1 ते 26, क्लास फोर 20 ते 46, क्लास थ्री 40 ते 66, क्लास टू 60 ते 86, आणि 80 च्या वर क्लास वन. रेटिंगचा एक गुण म्हणजे पाठीवर अर्धा किलो. म्हणजे क्लास फोरमध्ये सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा घोडा यांच्यात 13 किलोंचा फरक पडू शकतो. जॉकी, खोगीर आणि कमी पडलं तर शिशाच्या पट्ट्या, असं मिळून हे वजन भरतं. या वजनांचा हेतू एकच: सगळे घोडे विनिंग पोस्टवर एका रेषेत यावेत. हँडिकॅपरचं काम शंभर टक्के बरोबर झालं असतं तर प्रत्येक रेस डेड हीट झाली असती.

म्हणून माझी पद्धत अशी. एखादा घोडा निवडला की त्याच्यापुढे एका वाक्यात लिहायचं, या घोड्याच्या बाबतीत हँडिकॅपर आज कुठे चुकलाय? “चांगला घोडा आहे” हे उत्तर चालत नाही. चांगला आहे हे हँडिकॅपरलाही माहीत आहे, म्हणूनच त्याने वजन चढवलंय. “गेल्या वेळी जिंकला” हेही चालत नाही, त्याचे गुण वाढवून झालेले आहेत. वाक्य सुचत नसेल तर ती रेस सोडून द्या. आठातल्या पाच रेस अशाच सुटतात.

हँडिकॅपर चुकतो तो मात्र ठरावीक ठिकाणी. त्याच्यासमोर झालेल्या रेस असतात, होणाऱ्या नसतात. तीन वर्षांचा घोडा जुलै ते सप्टेंबर या काळात महिन्यागणिक ताकदवान होत जातो (आपल्याकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात, प्रत्यक्षात कुणी त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी जन्मलेला असतो), आणि रेटिंग त्याच्या मागून धावत असतं. दुसरी जागा म्हणजे उतरत गेलेला जुना घोडा. चुकीच्या अंतरावर पळवला, दुखापतीतून उठून अर्ध्या तयारीने पळवला, की प्रत्येक हरलेल्या रेसमागे गुण कमी होत जातात. एक दिवस तो आपल्या अंतरावर, आपल्या क्लासच्या खाली, हलक्या वजनाने उभा राहतो. रेसकोर्सवरची जुनी मंडळी अशा घोड्याबद्दल “आता सोडणार” म्हणतात. त्यात दर वेळी लबाडी असते असं समजू नका. बऱ्याचदा घोड्याला नेमकं काय हवं ते ट्रेनरलाच उशिरा कळलेलं असतं.

तिसरी जागा, आणि पुण्यात सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे जमीन.

क्लब एकच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत महालक्ष्मीला रेस होतात, जुलैपासून पावसाळ्यात पुण्याला. घोडे बहुतांशी तेच, ट्रेनर-जॉकी तेच. पण महालक्ष्मीवरचा हिवाळ्यातला कोरडा ट्रॅक आणि पुण्यातली ऑगस्टमधली भिजलेली हिरवळ यांत एकच घोडा दोन वेगळे घोडे असल्यासारखा पळतो. हँडिकॅपरचे गुण मात्र एकच. क्लास फोरचे घोडे 1200 मीटर कोरड्यात 1 मिनिट 11-12 सेकंदांत जात असतील, तर चांगल्या पावसानंतर त्याला आणखी दोन-तीन सेकंद लागतात. नुसती घड्याळाची वेळ बघून “हा घोडा मंद झाला” असं ठरवणारे सीझनभर फसतात. त्या दिवशीच्या इतर रेसशी ताडून बघितल्याशिवाय वेळेला अर्थ नाही.

रेसच्या दिवशी सकाळी पेनेट्रोमीटरचं रीडिंग जाहीर होतं. ही जमिनीत शिरणारी सळई. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. माझ्या वहीत प्रत्येक घोड्याच्या प्रत्येक धावेपुढे तो आकडा लिहिलेला असतो. दोन सीझन असं लिहिलंत की एक गोष्ट उघड दिसेल: काही घोड्यांचे सगळे विजय मऊ जमिनीवर आहेत, आणि त्यांचे महालक्ष्मीचे सगळे पराभव अगदी खरे, तरी पुण्यात बिनकामाचे आहेत. दुसरं, आतली रेलिंग. त्याच त्याच पट्ट्यावरून खूर पडून आतली हिरवळ उखडते. मग क्लब फॉल्स रेल, म्हणजे तात्पुरती रेलिंग, टाकून घोडे बाहेर सरकवतो. रेल किती मीटरवर आहे ते कार्डावर किंवा जाहीर सूचनेत असतं. कोरड्या दिवशी आतला ड्रॉ (गेटमधली सुटण्याची जागा) म्हणजे कमी अंतर, हा फायदाच. चिखलात दिवसाच्या तिसऱ्या-चौथ्या रेसनंतर जॉकी घोडे बाहेर काढायला लागतात, आणि आतला ड्रॉ घेऊन अडकलेला फेव्हरिट तुम्हाला दर शनिवार-रविवारी दिसेल. पहिल्या दोन रेस नुसत्या बघा आणि जिंकणारा घोडा सरळ पट्टीत कुठून आला ते टिपा. ही माहिती आदल्या रात्रीच्या कुठल्याही सिलेक्शनमध्ये नसते.

आता एक रेस प्रत्यक्ष सोडवून दाखवतो. घोडे काल्पनिक आहेत, हिशेब खरा आहे. क्लास फोर, 1200 मीटर, आठ घोडे. 46 रेटिंगच्या 1 नंबरवर 60 किलो आहेत, त्यावरून बाकीची वजनं उतरतात. 3 नंबर: रेटिंग 42, वजन 58. 5 नंबर: रेटिंग 36, वजन 55. 7 नंबर: रेटिंग 28, वजन 51.

दोन आठवड्यांपूर्वी याच अंतरावर 3 नंबरने 5 नंबरला दोन लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याच्या लांबीचं अंतर) हरवलं होतं. तेव्हा 3 नंबरचं रेटिंग 36 आणि 5 नंबरचं 37 होतं. म्हणजे 3 नंबर अर्धा किलो कमी घेऊन पळत होता. जिंकल्यावर त्याचे सहा गुण वाढले, हरणाऱ्याचा एक कमी झाला. आज 3 नंबर उलट तीन किलो जास्त घेऊन पळणार. एकूण फरक साडेतीन किलोंचा. 1200 मीटरला एक लेंग्थ म्हणजे ढोबळ मानाने सव्वा किलो धरतात (1600 ला किलोच्या आतबाहेर, लांब अंतराला त्याहून कमी). दोन लेंग्थचे अडीच किलो वजा केले तरी एक किलो उरतो. कागदावर आज 5 नंबर पाऊण लेंग्थने पुढे यायला हवा.

बहुतेक जण इथे थांबतात आणि 5 नंबरवर जातात. मी त्या रेसचा व्हिडिओ पुन्हा बघतो. शेवटच्या शंभर मीटरमध्ये 3 नंबरचा जॉकी चाबूक न उचलता, हात न हलवता बसून होता, पोस्टच्या आधी त्याने लगामही ओढला. म्हणजे दोन लेंग्थ हा आकडा घोड्याचा नाही, जॉकीच्या मर्जीचा आहे. हँडिकॅपरनेही व्हिडिओ बघितलाय, पण त्याला सहाच्या जागी बारा गुण चढवणं जड जातं. घोडा तीन वर्षांचा आहे, अजून वाढतोय. वाक्य मिळालं: “विजयातलं खरं अंतर रेटिंगमध्ये आलेलं नाही.”

7 नंबरकडे बघा. गेल्या पावसाळ्यात हा 44 रेटिंगवर, 59 किलो घेऊन 1200 जिंकला होता. मग त्याला 1600 आणि 2000 मीटरला पळवत राहिले, तो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये दर वेळी संपत गेला आणि 28 वर आला. आज पुन्हा 1200. जिंकला होता त्यापेक्षा आठ किलो कमी. कार्डावर पहिल्यांदाच ब्लिंकर्स (डोळ्यांवरची झापडं), आणि त्याच तबेल्याचा पहिला जॉकी, जो मागच्या चार धावांत त्याच्यावर नव्हता. वाळूच्या ट्रॅकवरच्या सकाळच्या कामात 600 मीटर 38 सेकंद, पुढे “सहज” असा शेरा. जमीन मऊ, त्याचा विजयही मऊ जमिनीवरचा. वाक्य: “हँडिकॅपरने चुकीच्या अंतरावरचे पराभव मोजलेत.”

5 नंबरसाठी माझ्याकडे फक्त वजनाचा हिशेब आहे. तो प्रामाणिक घोडा आहे, दर वेळी दुसरा-तिसरा येतो, म्हणजे त्याच्याबाबत हँडिकॅपर अगदी बरोबर आहे. अशा घोड्यांवर पुण्यात लोकांचा फार पैसा बुडतो.

माझी यादी 3, 7, 5 अशी झाली. पेपरात तीच छापून येईल. पण खिडकीवर जाताना तुम्हाला आणखी एक पायरी लागते, आणि ती पेपर देत नाही. प्रत्येक घोड्याला शंभरातले किती गुण द्याल? मी 3 नंबरला 30, 7 नंबरला 22, 5 नंबरला 18, आणि उरलेल्या पाच घोड्यांना मिळून 30 देईन. तीस टक्के म्हणजे रुपयाला सव्वादोनच्या थोडा वर भाव (मूळ रुपया सोडून मिळणारा नफा). बावीस टक्के म्हणजे साडेतीन. आता बुकींच्या रिंगमध्ये 3 नंबर बरोबरीच्या भावाने उघडला, म्हणजे बुकी त्याला पन्नास टक्के म्हणतोय. माझ्या मते तो पहिला येण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, तरी त्या भावात त्याला हात लावायचा नाही. 7 नंबर सहाच्या भावात मिळाला तर माझा घोडा तो. संभाव्य विजेता आणि लावण्याजोगा घोडा हे दोन वेगळे असू शकतात. टिपा वाचणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही, कारण टीप छापली जाते तेव्हा भाव उघडलेलेच नसतात. जगभर फेव्हरिट साधारण तीनातली एक रेस जिंकतो, तरी डोळे मिटून फेव्हरिट लावणारा नुकसानीतच जातो, त्याचं कारण हेच.

त्यात कर. तिकिटाच्या पूर्ण रकमेवरचा जीएसटी 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. शिवाय जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के प्राप्तिकर आहे आणि हरलेली रक्कम दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. या हिशेबात बरोबरीच्या भावाचा फेव्हरिट बरोबरीचा राहतच नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेस हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. ते खरं आहे, पण आजच्या करांपुढे कौशल्यावर पोट भरणारा माणूस मला तरी दिसत नाही. सिनेमाच्या तिकिटाइतके पैसे घेऊन जा, आणि तेवढेच.

पॅडॉकबद्दल नवख्यांना फार कुतूहल असतं. घोडे फिरवतात तिथे रेलिंगला टेकून उभे राहा आणि दर फेरीला एकच घोडा बघा. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडतो का? कान कुठे आहेत? बरगडीमागची रेघ दिसते का, की पोट अजून सुटलेलं आहे? (जुलैत, मुंबईनंतरच्या सुट्टीवरून आलेल्या घोड्यांचं पोट बघाच, पहिली धाव पुष्कळदा दमसासासाठी असते.) मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आलाय का? पुण्याच्या दमट दुपारी घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून नुसत्या घामावर जाऊ नका. बाकीचे सात कोरडे आणि एकच निथळतोय, तर त्याने रेस पॅडॉकमध्येच पळून टाकली आहे. दोन-दोन मोतद्दार धरून चाललेत, शेपटी सारखी आपटतेय, हेही टिपा. तरी पॅडॉकचा उपयोग यादीतला घोडा गाळायला करावा, निवडायला नाही. देखणा घोडा बघून मत बदलणारे संध्याकाळी कॅम्पातून चालत घरी जातात.

सकाळच्या कामाच्या वेळांचंही तसंच. 600 मीटर 38 सेकंद हे चांगलं काम, पण “ढकलून” 38 आणि “सहज” 38 यांत खूप अंतर आहे. पाठीवर कोण होतं, जॉकी की रायडिंग बॉय (नुसता सकाळच्या कामाचा स्वार), हे लिहिलेलं नसेल तर आकडा अर्धाच. आणि काही घोडे सकाळी वाघ असतात, दुपारी मांजर. त्यांची जुनी कामं काढून बघा.

टर्म्स रेस आणि क्लासिक यांना हा सगळा हिशेब लागू नाही. तिथे वजन रेटिंगवर ठरत नाही. फेब्रुवारीत महालक्ष्मीला होणाऱ्या इंडियन डर्बीत नर 57 किलो, माद्या 55.5, मग घोडा कितीही मोठा असो. तिथे खरोखरच चांगला घोडा कोण एवढाच प्रश्न असतो, म्हणून निकाल जास्त सरळ लागतात. त्यात एकच पेच असतो, अंतराचा. 1600 ची गिनीज ही क्लासिक मारणारा घोडा 2400 ला टिकेल का, आणि सप्टेंबरमध्ये पुण्याच्या सेंट लेजरला 2800 मीटर जाईल का, हे आई-बापाच्या पेडिग्रीवरून आणि त्याने 1600 कसं संपवलं यावरून वाचायचं. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये अंतर वाढवत गेलेला घोडा लांब जातो. सुरुवातीलाच पुढे निघून पोस्टपर्यंत कसाबसा टिकलेला जात नाही. मेडन रेसमध्ये (अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांच्या) पहिल्यांदाच पळणारे पाच-सहा घोडे असतील तर मी ती रेस बाजूला ठेवतो. तिथे रिंगमधला पैसा माझ्यापेक्षा शहाणा असतो.

“आतली बातमी” या प्रकाराबद्दल थोडक्यात. प्रत्येक तबेल्यातल्या माणसाला आपला घोडा जिंकणार असं मनापासून वाटत असतं. एका रेसमध्ये आठ तबेल्यांच्या आठ पक्क्या बातम्या फिरतात. त्यापेक्षा स्टायपेंडियरी स्टुअर्डचा, म्हणजे रेसवर नजर ठेवणाऱ्या पगारी अधिकाऱ्याचा, रिपोर्ट वाचा. तो जाहीर असतो आणि फारसं कुणी वाचत नाही. अमुक घोडा गेटमधून निघताना आदळला, अमक्याचा नाल पडला, तमका सरळ पट्टीत अडकला, असं त्यात नेमकं लिहिलेलं सापडतं. सहावा आलेल्या घोड्याचा सहावा नंबर खरा होता की नाही हे तिथे कळतं. घोडा खच्ची केल्यानंतरची पहिली धाव, नवा ट्रेनर, टंग स्ट्रॅप (जीभ बांधायचा पट्टा) हे कार्डावर बारीक अक्षरांत असतं, तेही वाचायचं.

जॅकपॉटचं विचारलं नाहीत, पण खेळालच. त्यात पाच रेसचे पाचही विजेते लागतात. आपल्या ठाम मताच्या रेसमध्ये एकच घोडा, उघड्या रेसमध्ये जास्त, एवढंच तंत्र. दोन गुणिले तीन गुणिले एक गुणिले चार गुणिले दोन केलं की 48 तिकिटं होतात, म्हणून ठाम मताच्या दोन रेस त्या पाचांत येत नसतील तर जॅकपॉट त्या दिवशी खेळू नका. टनालाला पहिले तीन त्याच क्रमाने लागतात. त्याचा मोठा डिव्हिडंड (तिकिटावर मिळणारी रक्कम) ऐकून खिडकीवर धावणाऱ्याने किती जोड्या लावाव्या लागतात ते आधी कागदावर मांडावं.

पहिला महिनाभर पैसे न लावता कार्डावर तीन गोष्टी लिहा: हँडिकॅपर कुठे चुकला ते वाक्य, तुमचे टक्के, आणि गेट उघडताना असलेला भाव. रेस झाल्यावर निकालापेक्षा आधी व्हिडिओ बघा आणि हरलेल्या प्रत्येक घोड्यापुढे कारण लिहा: अंतर, जमीन, ड्रॉ, अडकला, किंवा नुसतंच “संपला”. पुढच्या आठवड्याची रेटिंग लागली की ही वही उघडा आणि ज्यांच्यापुढे “अडकला” लिहिलंय, तरीही ज्यांचे गुण कमी झालेत, अशा घोड्यांवर खूण करा. मी एंट्रीची यादी तिथूनच वाचायला सुरुवात करतो.